हॉस्पिटलची फाइल कशी मागायची, डॉक्टरांचं बोलणं रेकॉर्ड करावं का? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

"कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती?" वाशीतल्या नव्या डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला, आणि नाना, सासूबाई आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. वर्षभरापूर्वी नाना, म्हणजे माझे सासरे, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात सहा दिवस होते. तिसऱ्या रात्री सलाइनमधून इंजेक्शन गेलं, अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एकच ओळ होती: औषधाची ॲलर्जी, उपचारांनी आराम. औषधाचं नाव नव्हतं. ते होतं सिस्टरच्या औषधांच्या चार्टवर. चार्ट फाइलमध्ये, आणि फाइल हॉस्पिटलच्या तळघरात.

ती फाइल मिळवायला मला अकरा दिवस लागले. त्यातले नऊ दिवस मी तोंडी मागत होते. "मॅडम, साहेब नाहीत", "सिस्टीम डाऊन आहे", "सोमवारी या". दहाव्या दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि दोन दिवसांत १४२ पानं हातात आली. औषध होतं एक अँटिबायोटिक, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. पहिल्यांदाच कुणाला घेऊन हॉस्पिटलची पायरी चढत असाल किंवा या शहरात नवे असाल, तर माझे ते नऊ दिवस तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे ठरवा, की हवं काय आहे

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. कार्ड दोन-तीन पानांचं असतं आणि ते डिस्चार्जच्या घाईत बहुतेक वेळा आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) लिहितात. खरी हकीगत आत असते: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, ऑर्डर शीट, सिस्टरचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि औषधांचा चार्ट, आयसीयूचा तासातासाचा तक्ता, ओटी (ऑपरेशन थिएटर) नोट्स, भूलतज्ज्ञांच्या नोंदी, तुम्ही सह्या केलेले संमतिपत्रांचे फॉर्म, सगळे रिपोर्ट. गुडघ्याची वाटी, स्टेंट किंवा डोळ्यातली लेन्स बसवली असेल तर तिचा स्टिकरसुद्धा फाइलमध्येच चिकटवलेला असतो. त्याचा फोटो तरी नक्की घ्या. पुढे एमआरआय करायची वेळ आली की तिथला टेक्निशियन आधी तेच विचारतो.

एमआरआय-सीटीच्या बाबतीत नुसता रिपोर्ट घेऊन समाधान मानू नका. फिल्म आणि सीडी दोन्ही मागा. रिपोर्ट म्हणजे एका रेडिओलॉजिस्टचं मत. दुसऱ्या डॉक्टरला मूळ चित्रं बघायची असतात.

कॅन्सरची शंका असेल तर आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी आपणहून सांगत नाही. बायॉप्सी झाली की तुमच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून लॅब ठेवून घेते. त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून काढलेले पातळ काप काचेवर असतात, त्या स्लाइड्स. परळच्या टाटाला किंवा टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्राला दाखवायला जाल तेव्हा तिथले पॅथॉलॉजिस्ट या दोन्ही गोष्टी मागवून स्वतः तपासतात. नुसता रिपोर्ट घेऊन गेलेली माणसं ब्लॉक आणायला परत कल्याणला, पनवेलला धावतात आणि तेवढे दिवस फुकट जातात. ब्लॉक घेताना लॅबच्या रजिस्टरवर सही करावी लागते. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून जुळवा. आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, शेवटी ते मेण आहे.

हक्क कुठून येतो

कायद्याचं फार सांगत नाही, पण काउंटरवर उभं राहिल्यावर चार वाक्यं तोंडात असलेली बरी.

भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे असतात. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. न देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन धरलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल पक्षकार असलेल्या एका खटल्यात सांगितलं होतं, की रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला कागद देताना हॉस्पिटलला गुप्ततेची सबब सांगता येणार नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद याच्याही पुढे जाते. पेशंट दाखल असतानाच कागद मागितले तर शक्यतो २४ तासांत, डिस्चार्जनंतर ७२ तासांत. महाराष्ट्रात शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले आणि सनद दर्शनी भागात लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक झालं. पुढच्या वेळी रिसेप्शनवर बसाल तेव्हा भिंतीवर शोधा. बऱ्याच ठिकाणी ती कुंडीच्या मागे असते.

तीन वर्षं मोजताना एक खोच लक्षात ठेवा. डिस्चार्जपासून किंवा तुम्हाला आठवण झाल्यापासून ती मोजत नाहीत. म्हणून "नंतर बघू" म्हणू नका. माझा सल्ला विचाराल तर तक्रार असो-नसो, प्रत्येक डिस्चार्जनंतर आठवडाभरात पूर्ण फाइलची प्रत मागून घ्यावी. भांडण झाल्यावर मागितलेल्या कागदाकडे हॉस्पिटल संशयाने बघतं. आधी मागितला तर कारकून झेरॉक्स काढून मोकळा होतो.

कोण मागू शकतं

पेशंट स्वतः. त्याला येता येत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं घेऊन दुसरं कुणीही. नवरा-बायको असलात तरी अधिकारपत्र न्याच, वाद वाचतो. मूल लहान असेल तर आई किंवा वडील. पेशंट गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. रेशनकार्ड साधारण चालतं.

मानसिक आजाराच्या नोंदींना २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यातही पेशंटला स्वतःचे कागद मिळण्याचा हक्क आहे. मात्र वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल असं वाटलं तर डॉक्टर काही भाग रोखू शकतात आणि पेशंट त्याविरुद्ध त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे जाऊ शकतो. एचआयव्हीची माहिती तर पेशंटच्या संमतीशिवाय घरच्यांनाही सांगायची नसते. काका विचारतायत म्हणून फाइल त्यांच्या हातात देणारं हॉस्पिटल चुकतंच.

अर्ज

साध्या कागदावर, दोन प्रतींत. मी दिला होता तो असा:

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक / वैद्यकीय नोंदी विभाग,
(हॉस्पिटलचं नाव व पत्ता)

विषय: आंतररुग्ण कागदपत्रांच्या संपूर्ण प्रती मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
मी / माझे सासरे (नाव), आयपीडी क्रमांक (…), दिनांक (…) ते (…) या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होते. त्यांच्या केसपेपरच्या संपूर्ण प्रती, म्हणजे दाखल नोंद, डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, ऑर्डर शीट, नर्सिंग व औषधांचे तक्ते, शस्त्रक्रिया व भुलीच्या नोंदी, संमतिपत्रे, सर्व तपासणी अहवाल, सीटी-एमआरआयची सीडी आणि तपशीलवार बिल, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतील नियम १.३.२ नुसार ७२ तासांत पृष्ठ क्रमांक व शिक्क्यासह मिळाव्यात, ही विनंती. प्रतींचा रास्त खर्च भरण्यास तयार आहे.
सोबत: ओळखपत्र, अधिकारपत्र.
(सही, दिनांक, फोन)

यातला आयपीडी क्रमांक, म्हणजे दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक, महत्त्वाचा. तो डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात किंवा बिलावर असतो; काही ठिकाणी यूएचआयडी नावाचा दुसरा नंबरही असतो, तोही लिहा. क्रमांक नसेल तर कारकून नावावरून शोधतो, आणि 'पाटील' नावाचे पेशंट किती असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ लिहून घेताना काउंटरवरची मुलगी जरा चमकून बघेल, बघू दे. तास मोजायचे असतील तर पहिला तास कागदावर हवा. "अर्ज घेतो पण शिक्का नाही देत" असं म्हणाले तर वाद न घालता बाहेर पडा, तोच अर्ज हॉस्पिटलच्या ईमेलवर पाठवा आणि शिवाय स्पीड पोस्टने टाका. पोस्टाची पावती आणि पोचल्याचं ट्रॅकिंग ही तुमची पोच.

"आधी बिल क्लिअर करा" हे हमखास ऐकाल. नियमात बिलाची अट कुठेही नाही. बिलाचा वाद वेगळा चालू द्या, कागदाशी त्याची गाठ मारू देऊ नका. "पोलीस केस आहे" हेही ऐकू येतं. अपघात, भाजणं, विषबाधा अशा एमएलसीमध्ये, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसमध्ये, मूळ कागद हॉस्पिटल सोडत नाही, ते बरोबरच आहे. पण प्रत मागायला तुम्हाला कुणी अडवलेलं नसतं.

मेडिक्लेम रिइम्बर्समेंटने, म्हणजे आधी स्वतः पैसे भरून मग परत, घेणार असाल तर क्रम चुकवू नका. विमा कंपनी मूळ डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, मूळ रिपोर्ट ठेवून घेते. त्याआधी प्रत्येक पानाचा स्कॅन करा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी सगळं मूळ कुरिअरने पाठवलं आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर रिकाम्या हाताने जाऊन बसल्या.

फाइल हातात आल्यावर

घाईने पिशवीत कोंबू नका. तिथल्याच बाकावर बसा आणि पाठपोठ पानं चाळा. मागची बाजू झेरॉक्स करायची राहून जाते, ही सगळ्यात साधी चूक. पानांचे क्रमांक सलग आहेत का, प्रत्येक दिवसाची नोंद आहे का, नोंदीवर वेळ आणि सही आहे का, संमतिपत्रावर रिकाम्या जागा आहेत का. आमच्या १४२ पानांत चौथ्या दिवसाचं पान नव्हतं. मी विचारलं, तेव्हा ते दुसऱ्याच पेशंटच्या फाइलमध्ये सापडलं. आमच्या फाइलमध्ये त्याचं काय आलं असतं, याचा विचार न केलेला बरा.

मग मजकूर वाचा. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फॅमिली डॉक्टरांकडे न्या. नाव, वय, उजवा-डावा पाय, आणि मुख्य म्हणजे जुन्या आजारांची ओळ. तिथे 'के-सी-ओ' (नोन केस ऑफ, म्हणजे आधीपासूनचा आजार) असं लिहून पुढे डायबेटिस किंवा बीपी आणि किती वर्षांपासून ते लिहितात. दहा महिन्यांच्या जागी दहा वर्षं पडलं, की विमा कंपनी म्हणते, तुम्ही पॉलिसी घेताना आजार लपवला. चूक दिसली तर स्वतः पेनाने काही करू नका, तुमच्या प्रतीवरसुद्धा नाही. लेखी कळवा आणि उपचार केलेल्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र मागा. नातेवाइकाने गोंधळात चुकीचं सांगितलं असेल तर तेही पत्रात खरं लिहा. असं बरेचदा होतं. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत आजारांची वर्षं कुणाला आठवतात?

सरकारी किंवा पालिकेचं हॉस्पिटल असेल तर

ठाण्याचं सिव्हिल राज्य सरकारचं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. इथेही आधी तोच अर्ज द्या. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना फी नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, म्हणून तिथे गाऱ्हाणं मांडू नका, कागदांची नावं लिहा. जीविताचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ पेशंट आत्ता दुसरीकडे आयसीयूत आहे, तर तसं स्पष्ट लिहा. मग मुदत ४८ तासांची होते.

पालिकेच्या ओपीडीतला केसपेपर मात्र आपल्याच हातात दिलेला असतो. तो हरवला की बहुतेक वेळा इतिहासच हरवतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि दर भेटीनंतर फोटो काढा.

आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं कार्ड, काढलं असेल तर त्या १४ आकडी नंबरला जोडलेले रिपोर्ट फोनवर दिसतात. सोय चांगली आहे, पण जे हॉस्पिटलने चढवलं तेवढंच तिथे दिसतं. सिस्टरचा चार्ट तिथे सापडेल या भरवशावर राहू नका.

नाहीच दिलं तर

७२ तास उलटले की त्याच अर्जाचा संदर्भ देऊन एक स्मरणपत्र द्या, भाषा सौम्य ठेवा. त्यानंतर खासगी हॉस्पिटलची तक्रार त्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे तक्रार निवारण कक्ष असायला हवा. इथेच नव्या माणसाची गल्लत होते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या पत्त्यांना लोक सर्रास नवी मुंबई म्हणतात, पण ते पनवेल महापालिकेत येतं आणि जिल्हाही रायगड. बेलापूरपासून दिघ्यापर्यंतचं नवी मुंबई महापालिकेचं, मुख्यालय बेलापूरला. घोडबंदर, वर्तकनगर, कळवा, मुंब्रा, दिवा हे ठाणे महापालिकेचं, मुख्यालय पाचपाखाडीला. चुकीच्या महापालिकेत दिलेला अर्ज आवक-जावकमध्ये महिनाभर निवांत पडतो.

डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, पण ती फक्त ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रीचे आरएमओ बरेचदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या. लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक बघून ठेवा.

नुकसानभरपाई मागायची असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ पासून, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या शांता खटल्यातल्या निकालापासून, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. मुदत २ वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

वॉर्डात काही गंभीर घडलं असेल, पेशंट पडला किंवा कुणी हात टाकला, तर कागदांच्या आधी सीसीटीव्हीचा अर्ज द्या. तारीख, वेळ, मजला लिहून "फुटेज जतन करावे" एवढंच मागा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आता रेकॉर्डिंग

नानांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचं विचारायला आम्ही तिघं सर्जनकडे गेलो होतो. बारा मिनिटं बोलणं झालं. परतताना रिक्षात नाना म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही म्हणाले." सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर करा म्हणाले." आणि मला ऐकू आलं होतं की रक्त पातळ होण्याची गोळी थांबवायची का ते आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, मग तारीख ठरवू. एकच खोली, एकच डॉक्टर आणि तीन निकाल. तेव्हापासून मी रेकॉर्ड करते. पण विचारून.

आधी कायद्याचं. रुग्णाने स्वतःच्या तपासणीतलं बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. संभाषणातल्या एकाच्या संमतीने झालेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे. गंमत म्हणजे तो खटला मुंबईच्या कोरोनरवरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या, लाचेच्या आरोपाचा होता आणि त्यातलं टेलिफोनवरचं संभाषणही वैद्यकीय मंडळींचंच. पण गुन्हा नाही याचा अर्थ डॉक्टरांनी ते सहन केलंच पाहिजे असा नाही. हॉस्पिटल त्यांच्या जागेत मनाईचा बोर्ड लावू शकतं. आणि तातडीची वेळ नसेल तर कुणाला तपासायचं हे ठरवायची मोकळीक डॉक्टरला आहे. चोरून केलेलं रेकॉर्डिंग उघडं पडलं, की तो डॉक्टर पुढे तुमच्याशी वकिलासमोर बोलल्यासारखा बोलतो. त्यात तोटा पेशंटचा.

म्हणून आत शिरल्यावर, खुर्चीत बसता बसता मी म्हणते, "डॉक्टर, घरी गेल्यावर आमच्यात गोंधळ होतो. औषधांचं तेवढं फोनवर रेकॉर्ड करू का? आमच्यापुरतंच ठेवू." फोन टेबलावर, स्क्रीन वर, दिसेल असा. दहातले सहा-सात 'करा' म्हणतात. आमचे सर्जन म्हणाले, "करा, फक्त फॅमिली ग्रुपवर टाकू नका. मग तुमचा पुण्याचा भाचा मला फोन करतो." जे नको म्हणतात त्यांच्यासमोर वही उघडायची. आणि उठायच्या आधी मुद्दे परत म्हणून दाखवायचे: "म्हणजे ही गोळी सकाळी उपाशीपोटी, ती दुसरी बंद, आणि पंधरा दिवसांनी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, बरोबर?" खरं सांगायचं तर वहीची पद्धत रेकॉर्डिंगपेक्षा सरस आहे, कारण डॉक्टर चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतात. रेकॉर्डिंग नंतर ऐकायला बसतं कोण?

विचारून असो वा न विचारता, काही ठिकाणी फोन काढूच नका. वॉर्ड, आयसीयू, ओपीडीची रांग: तिथे बाजूच्या खाटेवरचा माणूसही चित्रात येतो, आणि त्याच्या खासगीपणावर तुमचा हक्क नाही. सोनोग्राफीच्या खोलीतही नको. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे तिथले डॉक्टर आधीच धास्तावलेले असतात. आणि चार-पाच नातेवाईक, आवाज चढलेले, आणि एकजण व्हिडिओ काढतोय, हा प्रकार तर अजिबात नको. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. धक्काबुक्की भाच्याने केली तरी त्या व्हिडिओत तुमचाही चेहरा असतो.

उलट बाजूही आहे. हॉस्पिटलने तुमचा चेहरा, जखम, बाळ यांचे फोटो काढले, तर ओळख पटेल अशा रीतीने ते तुमच्या परवानगीशिवाय छापता किंवा दाखवता येत नाहीत; तेही २००२ च्याच नियमांत आहे. दाखल करतानाच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत ही परवानगी घातलेली असते. नको असेल तर ती ओळ खोडून बाजूला सही करा.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला घेत असाल तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्या बोलण्याची नोंद आणि दिलेलं प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांनी ठेवायचं असतं. तुम्ही चिठ्ठीची पीडीएफ मागून घ्या. व्हॉट्सॲपवर "डोलो घ्या" एवढंच आलं असेल तर तो मेसेज डिलीट करू नका.

रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर मूळ फाइल आहे त्याच फोनमध्ये राहू द्या. कापू नका, आवाज वाढवू नका, ॲपमधून 'स्वच्छ' करू नका. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. फोन विकलात तर ते सगळं अवघड होतं. नावात तारीख आणि डॉक्टरांचं आडनाव घाला, एवढं पुरतं. फेसबुकवर टाकायचा मोह होईल, विशेषतः राग आलेला असताना. बदनामीचा दावा तिथूनच सुरू होतो. तक्रार ग्राहक आयोगाकडे नेली तर तेच रेकॉर्डिंग तुमच्या कामाला येतं. ग्रुपवर गेलं तर समोरच्याच्या.

आमच्या रेकॉर्डिंगा बहुतेक महिनाभरात पुसल्या जातात. एक तेवढी ठेवली आहे. तिच्यात सर्जन विचारतायत, "ॲलर्जी कशाची?" आणि मागून नानांचा आवाज येतो, ठासून, एकेक अक्षर सुटं करून: "सेफ-ट्रि-अ‍ॅक-सोन. पान क्रमांक ६१."